ऑक्सिमीटर, घड्याळ आणि स्कॅन वाचणारा संगणक: दिसणाऱ्या आकड्यामागे काय असते

प्रश्न थोडक्यात असा आहे: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि मनगटावरचे घड्याळ एकाच माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनचे वेगवेगळे आकडे का दाखवतात, संगणक एक्स-रे किंवा स्कॅन ‘वाचतो’ म्हणजे नेमके काय करतो, आणि यांपैकी कोणत्या आकड्यावर केव्हा विसंबावे? हे तीन प्रश्न वेगळे वाटत असले, तरी वैद्यकीय उपकरणांतील संकेत आणि प्रतिमा यांवर काम करणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. यांपैकी एकही यंत्र आपल्याला हवी असलेली गोष्ट थेट मोजत नाही. ते प्रकाशाची घट, त्वचेवरील विद्युतदाब किंवा क्ष-किरणांची उरलेली तीव्रता मोजते आणि त्यावरून शरीरातील स्थितीचा हिशेब करते. मोजलेली राशी आणि दाखवलेला आकडा यांच्यामध्ये एक गृहीतक असते. खरा शोध बहुतेक वेळा त्या गृहीतकात असतो, संवेदकात नव्हे. आणि यंत्र चुकते तेही बहुधा ते गृहीतक लागू पडत नाही अशाच ठिकाणी.

ऑक्सिमीटरपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण त्यातील युक्ती फार सुंदर आहे आणि तिच्या मर्यादाही स्पष्ट दिसतात. ऑक्सिजन वाहणारे हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन जास्त शोषते, तर सुमारे 940 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत हे नाते उलट होते. ही गोष्ट बरीच आधी ठाऊक होती आणि 1940च्या दशकात ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांसाठी कानाला लावायचा ऑक्सिमीटरही बनवला होता. अडचण अशी होती की, कानाच्या पाळीतून पलीकडे येणारा प्रकाश फक्त धमनीतील रक्ताने कमी झालेला नसतो. त्वचा, स्नायू, शिरांमधील रक्त आणि त्वचेचा रंग हे सारेच त्यातला वाटा खातात. हा वाटा वेगळा काढण्यासाठी कान गरम करणे, दाबून त्यातील रक्त बाहेर घालवणे, मग पुन्हा मोजणे असे उपद्व्याप करावे लागत.

जपानमधील निहोन कोहदेन या कंपनीत काम करणारे ताकुओ आओयागी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळाच प्रश्न सोडवत होते. रक्तात रंगद्रव्य सोडून, ते किती वेगाने पातळ होते यावरून हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलते हे त्यांना कानावरच्या संवेदकाने मोजायचे होते. नाडीच्या ठोक्यांमुळे त्यांचा आलेख सतत हलत असे. ही हालचाल पुसून टाकण्यासाठी त्यांनी दोन तरंगलांबींचे संकेत एकमेकांविरुद्ध तोलून पाहिले, तेव्हा रक्तातील ऑक्सिजन बदलला की हा तोल बिघडतो असे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे जो भाग त्यांना नकोसा होता, त्यातच धमनीतील रक्ताची माहिती होती. ठोक्यागणिक बदलणारा प्रकाश जवळजवळ पूर्णपणे धमनीतील रक्तामुळे बदलतो, कारण त्वचा, हाड आणि स्नायू ठोक्याबरोबर बदलत नाहीत. तेव्हा न बदलणारा भाग सोडून द्यावा आणि फक्त बदलणाऱ्या भागांचे दोन तरंगलांबींमधील गुणोत्तर घ्यावे. पेटंटचा अर्ज 1974 मध्ये झाला. पुढे 1980च्या दशकात भूल देताना हे उपकरण सर्रास वापरात आले.

हे समजले की आकड्यांमधील फरकाचे कोडे बरेचसे सुटते. बोटातून पलीकडे पोहोचलेल्या प्रकाशात ठोक्यागणिक बदलणारा भाग शेकडा एक-दोन इतकाच असतो. मनगटावर परिस्थिती त्याहून कठीण असते. तिथे प्रकाश आरपार जात नाही. घड्याळाच्या तळातून आत जाऊन, विखरून जो परत येतो तेवढाच मिळतो. मनगटाच्या वरच्या बाजूला सूक्ष्म रक्तवाहिन्यांची दाटी बोटाच्या टोकापेक्षा कमी असते, शिरा पृष्ठभागाजवळ असतात, आणि हात हलला की शिरांतील रक्तही हलते. शिरांतील रक्त स्थिर आहे हे गृहीतक तिथे मोडले की, त्यातील कमी ऑक्सिजन यंत्र धमनीच्या खात्यावर मांडते. म्हणून घड्याळाचा आकडा खाली घसरलेला दिसणे मुळीच नवलाचे नाही. थंड पडलेल्या बोटात किंवा रक्तदाब खूप उतरलेला असताना बोटावरच्या उपकरणाचीही हीच गत होते. शिवाय दोन्ही संकेतांत ठोक्यांऐवजी एकसारखाच गोंगाट भरला, तर त्यांचे गुणोत्तर 1 च्या आसपास येते, आणि गुणोत्तरावरून टक्केवारी काढण्याच्या बहुतेक उपकरणांतील तक्त्यात 1 या गुणोत्तरापुढे सुमारे 85 टक्के असे लिहिलेले असते. संकेताची पट्टी क्षीण दिसत असताना आकडा 85च्या आसपास रेंगाळत असेल, तर आधी संवेदकावर संशय घ्यावा. अर्थात रुग्णाला धाप लागलेली असेल, तर संशय घेण्यात वेळ घालवू नये.

तक्त्याचा उल्लेख झाला, तर त्याची उत्पत्तीही सांगायला हवी. गुणोत्तरावरून टक्केवारी काढण्याचे सूत्र निव्वळ भौतिकशास्त्रातून येत नाही, कारण ऊतकातील प्रकाशाचे विखुरणे फार गुंतागुंतीचे असते. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीतील रक्ताचे नमुने घेऊन, यंत्रातील गुणोत्तराची त्या नमुन्यांशी सांगड घातली जाते. माणसाला 70 टक्क्यांच्या खाली नेणे सुरक्षित नसल्यामुळे त्याखालचे आकडे हे केवळ वाढवलेल्या रेषेवरचे अंदाज असतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार 70 ते 100 टक्के या पट्ट्यात 4 टक्क्यांपर्यंतची सरासरी चूक ग्राह्य असते, आणि तीही अशा अर्थाने की सुमारे दोन-तृतीयांश मापने त्या मर्यादेत असावीत. तेव्हा एका उपकरणावर 94 आणि दुसऱ्यावर 96 दिसले, तर दोहोंत भांडण आहे असे मानण्याचे कारण नाही.

सांगड घालताना स्वयंसेवक कोण होते, यावरही बरेच अवलंबून असते. त्वचेचा रंग ठोक्याबरोबर बदलत नाही, म्हणून तो आपोआप वगळला जाईल अशी या पद्धतीची अपेक्षा आहे; प्रत्यक्षात गडद त्वचेतून येणारा प्रकाश कमी असतो आणि दोन तरंगलांबी सारख्या प्रमाणात घटत नाहीत. 2020 मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथील संशोधकांनी रुग्णालयातील जुन्या नोंदी तपासल्या. ऑक्सिमीटर 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीतील रक्तात प्रत्यक्षात 88 टक्क्यांपेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण त्यांच्या रुग्णालयातील कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के, तर श्वेतवर्णीय रुग्णांत 3.6 टक्के निघाले. हे उपकरण तोपर्यंत अनेक दशके वापरात होते, हे लक्षात घेतले की ही बाब अधिक गंभीर वाटते. आणखी एक मर्यादा रसायनाची आहे. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाशात ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखेच वागते, त्यामुळे बंद खोलीत धुराने गुदमरलेल्या माणसाच्या बोटावर उत्तम आकडा दिसू शकतो. अशा वेळी दोन तरंगलांबींच्या यंत्राकडे उत्तरच नसते. रक्ताची तपासणी किंवा अधिक तरंगलांबी वापरणारे उपकरण लागते.

घड्याळातील नाडीमापन याच कुळातले आहे, फक्त तिथे बहुधा हिरवा प्रकाश वापरतात. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश जोरात शोषते आणि तो प्रकाश फार खोल जात नाही, त्यामुळे हालचालीतही ठोके तुलनेने स्वच्छ उमटतात. ठोक्यांमधील अंतर अनियमित दिसले, तर घड्याळ एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा, इशारा देते. काही घड्याळांत ईसीजीची, म्हणजे हृदयाच्या विद्युत संकेतांच्या आलेखाचीही सोय असते: एका मनगटावर मागची पट्टी आणि दुसऱ्या हाताचे बोट कडेच्या बटणावर, अशा दोन टोकांतील विद्युतदाबाचा फरक नोंदवला जातो. रुग्णालयातील ईसीजीत बारा लीड, म्हणजे हृदयाकडे पाहणाऱ्या बारा विद्युत दिशा, असतात; ही त्यांपैकी केवळ पहिली लीड होय. लय ओळखायला ती पुरते; हृदयविकाराचा झटका नाकारायला ती पुरत नाही, आणि छातीत दुखत असताना घड्याळाने ‘सामान्य’ म्हटले म्हणून घरी थांबणे धोक्याचे आहे. नॉर्मन होल्टर यांनी हिंडत्याफिरत्या माणसाच्या हृदयाची नोंद घेण्यासाठी केलेले पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे 38 किलो होते, हे आठवले म्हणजे मनगटावरच्या एका लीडचेही मोल कळते.

इशाऱ्याचा अर्थ मात्र तो कोणाला मिळाला यावर ठरतो. ॲपलच्या घड्याळावर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 4,19,297 लोक सहभागी होते आणि अनियमित नाडीचा इशारा केवळ 0.52 टक्क्यांना मिळाला. चाळिशीपर्यंतच्या तरुणांत हे प्रमाण 0.16 टक्के आणि 65 वर्षांवरील लोकांत सुमारे 3 टक्के होते. इशारा मिळालेल्यांना छातीवर चिकटवायची ईसीजी पट्टी पाठवली गेली. ज्यांनी ती वापरून परत केली, त्यांच्यापैकी 34 टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन सापडले. उरलेले दोन-तृतीयांश इशारे खोटे होते असा निष्कर्ष काहींनी काढला, पण तो बरोबर नाही. हा विकार येतो-जातो, आणि पट्टी हाती पडेपर्यंत दिवस उलटलेले असतात. पट्टी अंगावर असतानाच घड्याळाने पुन्हा इशारा दिला, तेव्हा 84 टक्के वेळा पट्टीनेही त्याला दुजोरा दिला. एकाच यंत्राविषयी 34 आणि 84 ही दोन्ही विधाने खरी असू शकतात. कोणता प्रश्न विचारून आकडा काढला आहे, हे आधी पाहावे लागते.

आता प्रतिमांकडे वळतो. ‘संगणकाने स्कॅन वाचणे’ हा प्रकार अलीकडचा मानला जातो, परंतु सीटी स्कॅनची प्रतिमा मुळातच संगणकाने काढलेल्या हिशेबाचे फळ आहे. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना वाटेतील सर्व ऊतकांनी मिळून किती शोषले, एवढीच एक बेरीज संवेदकाला कळते. अशा अनेक दिशांनी घेतलेल्या बेरजांवरून आतला प्रत्येक बिंदू किती शोषतो हे काढता येते, याचे गणित योहान राडोन यांनी 1917 मध्ये मांडले होते, पण त्यांच्यासमोर वैद्यक नव्हते. ॲलन कॉर्मॅक यांनी 1963-64 मध्ये ते स्वतंत्रपणे मांडले, आणि ईएमआय या कंपनीतील गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी यंत्र उभे केले. त्यांच्या प्रयोगशाळेतील पहिल्या यंत्राला एका प्रतिमेसाठी सुमारे 28 हजार मापने घ्यायला नऊ दिवस आणि हिशेबाला अडीच तास लागत. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला; प्रतिमा 80 × 80 चौकोनांची होती. कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना 1979 चे नोबेल मिळाले.

येथेही गृहीतके आहेतच. माणूस स्थिर आहे, आणि किरण सगळे एकाच ऊर्जेचे आहेत असे मूळ हिशेब धरून चालतो. प्रत्यक्षात किरणांत अनेक ऊर्जा मिसळलेल्या असतात. दातातील धातू किंवा कृत्रिम सांधा वाटेत आला की कमी ऊर्जेचे किरण तिथेच संपतात, उरलेल्या किरणांचा हिशेब चुकतो, आणि प्रतिमेत काळे-पांढरे पट्टे उमटतात. या पट्ट्यांमध्ये एक चांगुलपणा असतो: ते चूक म्हणून ओळखू येतात. एमआरआयमध्ये कमी मापनांतून पूर्ण प्रतिमा काढण्याची जी पद्धत 2007 च्या सुमारास मायकेल लस्टिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली, तिच्यामागे वैद्यकीय प्रतिमांत बहुतांश माहिती पुनरुक्त असते हे गृहीतक आहे. तिथपर्यंतही ठीक होते. आता मापनांतील रिकाम्या जागा न्यूरल नेटवर्कने, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक प्रणालीने, भरल्या जातात, आणि त्याची चूक पट्ट्यांसारखी विचित्र दिसत नाही. ती अगदी नैसर्गिक ऊतकासारखी दिसू शकते. नसलेले बारकावे उमटणे किंवा असलेला लहानसा दोष पुसला जाणे या दोन्ही गोष्टी संशोधनात दाखवल्या गेल्या आहेत. या क्षेत्रातील इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा मला याची अधिक काळजी वाटते.

प्रतिमा तयार झाल्यावर तिचे विश्लेषण येते. गाठ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हृदयाच्या कप्प्याची कड कोणती, हे पूर्वी हाताने आखावे लागे. 2015 मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठातील ओलाफ रोनेबर्गर, फिलिप फिशर आणि थॉमस ब्रॉक्स यांनी यू-नेट नावाची रचना प्रसिद्ध केली. तिच्या एका बाजूने प्रतिमा टप्प्याटप्प्याने लहान होत जाते, म्हणजे ‘हे काय आहे’ हे कळते. दुसऱ्या बाजूने ती पुन्हा मोठी होते, आणि प्रत्येक टप्प्यावर पहिल्या बाजूचे बारकावे थेट दुसरीकडे पोहोचवले जातात, म्हणजे ‘नेमके कुठे आहे’ हे हरवत नाही. शिवाय मोजक्या प्रतिमांना थोडे ताणून-वाकवून प्रशिक्षणाची सामग्री वाढवण्याची युक्ती त्यांनी वापरली. तज्ज्ञाने कडा आखून दिलेल्या हजारो प्रतिमा वैद्यकात सहसा मिळत नसल्यामुळे हीच बाजू निर्णायक ठरली. आजही कडा आखण्याच्या कामात या रचनेचे वंशज आघाडीवर आहेत, आणि हे काम संगणकाने करावे याविषयी माझ्या मनात किंतु नाही, कारण आखलेली रेषा डोळ्यांना दिसते आणि चुकली तर दुरुस्त करता येते.

निदान सांगणाऱ्या प्रणालींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना कोणी ‘न्यूमोनिया असा दिसतो’ असे शिकवत नाही. हजारो एक्स-रे आणि प्रत्येकापुढील ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच त्यांना मिळते, आणि या दोहोंना जोडणारा कोणताही धागा त्या पकडतात, मग तो रोगाचा असो वा नसो. 2018 मध्ये जॉन झेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, छातीचा एक्स-रे कोणत्या रुग्णालयातून आला हे नेटवर्क जवळपास अचूक ओळखते. त्यांनी वापरलेल्या एका संग्रहात न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे 34 टक्के, तर दुसऱ्यात सुमारे 1 टक्का होते. अशा वेळी रुग्णालय ओळखले की अर्धे उत्तर आपोआप मिळते, फुप्फुस पाहण्याची गरजच उरत नाही. छातीत हवा साठल्याचे, म्हणजे न्यूमोथोरॅक्सचे, निदान करणाऱ्या प्रणालीबाबतही असेच आढळले. प्रशिक्षणातील पुष्कळ रुग्णांच्या छातीत उपचाराची नळी आधीच घातलेली होती. नळी नसलेल्या, म्हणजे ज्यांचे निदान व्हायचे होते अशाच, रुग्णांत प्रणालीची कामगिरी घसरली. म्हणून एखाद्या प्रणालीची अचूकता सांगितली जाते, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो तो चाचणीच्या प्रतिमा प्रशिक्षणाहून वेगळ्या रुग्णालयातून, वेगळ्या यंत्रांतून आल्या होत्या का, हा. टक्केवारी नंतर पाहता येते.

दुसरा प्रश्न माणूस त्या उत्तराचे काय करणार, हा असतो. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, संशयास्पद जागांवर खुणा करणाऱ्या संगणक प्रणालीला अमेरिकेत 1998 मध्ये मान्यता मिळाली आणि ती झपाट्याने पसरली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की, तिच्या वापराने निरोगी स्त्रियांना पुन्हा तपासणीस बोलावण्याचे प्रमाण वाढले आणि एकंदर अचूकता उलट घटली. प्रत्येक प्रतिमेवर खोट्या खुणा इतक्या असत की त्यांतून खरी निवडणे हेच वेगळे काम होऊन बसले. याउलट स्वीडनमधील 80 हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत, जिचे पहिले निष्कर्ष 2023 मध्ये आले, नवी प्रणाली खुणा करण्याबरोबरच प्रत्येक तपासणीची जोखीम ठरवत होती. कमी जोखमीच्या प्रतिमा एकाच रेडिओलॉजिस्टकडे आणि जास्त जोखमीच्या दोघांकडे जात. दर हजारी सापडलेले कर्करोग 5.1 वरून 6.1 झाले आणि प्रतिमा वाचण्याचे काम 44 टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही वेळी सोबतीला संगणकच होता; फरक तंत्राच्या दर्जाइतकाच त्याला कोणते काम सोपवले यात होता. माणसाच्या दुजोऱ्याशिवाय निकाल देण्याची मान्यता अमेरिकेत प्रथम 2018 मध्ये मिळाली, ती मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा ओळखणाऱ्या प्रणालीला. मला तिच्यातील सर्वांत शहाणपणाची बाब ही वाटते की, प्रतिमा पुरेशी चांगली नसेल तर ती निकाल देण्यास नकार देते.

आता विसंबण्याविषयी. ऑक्सिमीटर शांत बसून, हात उबदार असताना, नखावर रंग नसताना लावावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत काही क्षण थांबावे. एका आकड्यापेक्षा त्याच बोटावरील, त्याच यंत्राच्या आकड्यांचा कल अधिक सांगतो. घड्याळाचा ऑक्सिजन कल पाहण्यासाठी ठीक आहे, निर्णयासाठी नाही. घड्याळाचा लयीविषयीचा इशारा ज्येष्ठ व्यक्तीला मिळाला, तर त्याच वेळी ईसीजीची नोंद घेऊन ती डॉक्टरांना दाखवावी. स्कॅनवरील संगणकाचा अभिप्राय रेडिओलॉजिस्टच्या अहवालाशी जुळत नसेल, तर दोघांपैकी कोणी काय पाहिले हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

त्वचेखाली सूक्ष्म तार ठेवणारे साखरेचे संवेदक 1962 मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी मांडलेल्या विकर-विद्युत तत्त्वावर (विकर म्हणजे एन्झाइम; त्याची साखरेशी होणारी क्रिया विजेच्या संकेतातून मोजणे) चालतात आणि त्यांनी मधुमेहाची देखभाल खरोखर बदलली आहे. मात्र ते रक्तातील नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतात. साखर वेगाने चढत-उतरत असताना हा आकडा काही मिनिटे मागे असतो, आणि झोपेत त्या अंगावर भार आला तर साखर खूप खाली गेल्याचा खोटा इशारा मिळतो. त्वचेला न टोचता केवळ प्रकाशाने साखर मोजतो असे म्हणणारी घड्याळे आणि अंगठ्या हा निराळा विषय आहे. हिमोग्लोबिनसारखा ठळक रंगबदल साखरेत नसतो आणि पाण्याच्या तुलनेत तिचे प्रमाण फारच थोडे असते. अशा कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. इन्सुलिनची मात्रा अशा उपकरणाच्या आकड्यावरून ठरवू नये; त्वचेखालील संवेदकाचा आकडा आणि स्वतःला जाणवणारी लक्षणे जुळत नसतील, तर बोटाच्या टोकातील रक्ताची तपासणी करून मगच मात्रा घ्यावी.